गोडाऊनच्या कॅमेऱ्यातला पांढरा माणूस

शुक्र., ९ जाने.

भाऊजींनी सकाळी सगळ्यांना दुकानात बोलावलं आणि टीव्हीवर चोर दाखवला. घरात नवरी बघायला यावं तसा थाट. चहासुद्धा सांगून ठेवला होता. मी घेतला नाही.

चोर म्हणजे पांढरा शर्ट, पांढरी विजार, तोंडाला रुमाल. गोडाऊनचं कुलूप किल्लीने उघडतो, आत जातो, औषधाची खोकी उचलून बाहेर येतो. परवा रात्रीचं. मिरचीवर फवारायचं ते महागडं औषध, ज्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक खालीच बसतं. कुलूप तोडलेलं नाही. किल्ली आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असते, ते घरच्यांना माहीत आणि राखणदार खुमानला माहीत.

भाऊजी मुद्दाम माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, आठे धव्वा कपडा कोन घालस, सांगा बरं."

पांढरं कोण घालतं, सांगायचं काय त्यात? अख्ख्या म्हसावदला माहीत आहे. खुमान भगत आहे, कंठी घेतल्यापासून पांढऱ्याशिवाय दुसरा धागा अंगाला लावत नाही. दाराशी उभा होता. सगळ्या माना तिकडे वळल्या. तो एवढंच म्हणाला, "मी नही लिधं."

उजव्या बाहीवर एक काळा पट्टा दिसतो. भाऊजी म्हणे ते ताइताचं फडकं. भाऊजींना सगळं कळतं.


शनि., १०

एक लिहून ठेवते. खुमान मला आवडत नाही. डोंगरातून आला तेव्हा बरा होता. कंठी घातली, दारू-मटण सोडलं, आणि तेव्हापासून सगळ्या जगाला शहाणपण शिकवतो. मी अंड्याची भाजी केली की नाकाला उपरणं लावून अंगणातून जातो. ह्यांच्या दहाव्याला मला म्हणाला होता, रडू नको बाई, देह मातीचा. तेव्हा त्याला चपलेने मारावंसं वाटलं होतं.

पण चोर नाही. ह्यांनी ठेवलेला माणूस आहे. ह्यांना माणूस कळायचा, एक स्वतःचा भाऊ सोडून.

त्या रात्री कुठे होतास, विचारलं. पलीकडच्या शेतात डुकरं हाकत होता म्हणे. डुकरं साक्षीला कोण आणणार?

कॅमेरे दिवाळीनंतर बसवले. गोडाऊनला एक बाहेर, एक आत, अंगणाच्या फाटकावर एक. सगळं घर मोबाईलवर दिसतं. भाऊजींनी माझ्याही फोनमध्ये घालून दिलं, "तुम्ही बसेल ऱ्हातस, ध्यान ठेवा." बसलेली असते मी! पहाटे उठून दूध कोण काढतं, सरला? माझी जाऊ आठ वाजेपर्यंत केस विंचरते.


रवि., ११

निकाल लागला. संक्रांतीच्या तोंडावर घरात पोलीस नकोत, म्हणून खुमानला पुढच्या सोमवारपर्यंत मुदत. कबूल करून माल आणून द्यायचा आणि गाव सोडायचं, नाहीतर भाऊजी त्याला घेऊन पोलीस स्टेशनला जाणार. किती उदार!

खुमानची बायको रेली भांडी घासायला आली. डोळे सुजलेले. म्हणाली, कंठीवाल्यावर चोरीचा आळ आला की त्यांच्यात कंठी उतरवून ठेवतात, निकाल लागेपर्यंत भजनात बसता येत नाही. कोणी सांगायच्या आत त्याने आपणहून काढली. पांढरे कपडेही घडी करून ठेवले.

संध्याकाळी बघितलं तर पंकजचा टाकलेला टी-शर्ट घालून फाटकाशी बसलेला. पिवळा, छातीवर कुठल्याशा मोटरसायकलचं चित्र. मला बघून उठून गोठ्यामागे गेला. मला इतका राग आला की पोळी करपली.

पंकज म्हणजे भाऊजींचा दिवटा. त्या टी-शर्टला बघून हसत होता. नीलेशही होता तिथे, तो हसला नाही. माझा मुलगा आहे शेवटी.


सोम., १२

तिळाचे लाडू. हात भाजले. सरला सोफ्यावरून सूचना देते आहे.

जेवताना नी.ला म्हटलं, तू काकांशी बोल, तू बोललास तर ऐकतील. म्हणे, "आई, तू यात पडू नको." आणि ताट तसंच ठेवून उठला. उद्या मित्राच्या लग्नाला सुरतेला निघतो आहे, त्याचं लक्ष तिकडे. बापासारखा गप्प होत चालला आहे.


बुध., १४, संक्रांत

आज काय झालं ते नीट लिहायचं आहे, घाई नाही करायची.

सरलाचं हळदीकुंकू. दरवर्षीप्रमाणे मी मागच्या खोलीत. वाण भरून द्यायचं, लाडू करून द्यायचे, आणि सवाष्णी यायला लागल्या की तोंड लपवायचं. "ताई, तुम्ही थकना व्हतीन, पडा जराशा." थकले होते म्हणे! सहा वर्षं हेच वाक्य.

दिवस मावळला आणि लाइट गेली. बायकांची ये-जा चालूच. कॅमेरे इन्व्हर्टरवर, ते चालू. मला काही उद्योग नव्हता म्हणून फोनवर फाटक उघडून बसले, कोण कोण आलं ते बघू. आणि बघते तर एकामागून एक पांढऱ्या साडीतल्या बायका फाटकातून आत येतायत. पाटलीणबाई पांढऱ्या साडीत. मास्तरीण पांढऱ्या साडीत. सोनाराची नवी सून, पहिली संक्रांत, नखशिखांत पांढरी. हातात वाणाची ताटं. संक्रांतीला पांढरं नेसून कोण येईल? उठून दाराच्या फटीतून बघितलं. पुढे मेणबत्त्या लावल्या होत्या. सगळ्या काळ्या साड्या, खडी, जरी, हलव्याचे दागिने. परत फोन बघितला, पांढऱ्या. परत फट, काळ्या.

सरला कोणाला तरी पोचवायला फाटकापर्यंत गेली. काळीकुळकुळीत साडी नेसली होती, दोन महिने मिरवत होती ती. कॅमेऱ्यात पांढरीफटक. माझ्यासारखी. मी तोंडात पदर कोंबून हसले. इतकी हसले की खोकला लागला. वाईट आहे मी, असू दे.

मग हसू थांबलं. खुमान डोक्यात आला.


गुरु., १५

भाऊजींना सकाळीच सांगितलं. कॅमेऱ्याला रात्री काळं पांढरं दिसतं. चोराने काळे कपडे घातले असतील.

"वहिनी, रातभर झोपन्यात नही का?"

फोनवर दाखवलं. त्यांनी सरलाला पांढऱ्या साडीत बघितलं आणि चेहरा उतरला. मग म्हणाले, कॅमेरा खराब असेल. म्हटलं, खराब कॅमेऱ्यावर माणसाला जेलात घालता? बिलं चाळायला लागले.

शहाद्याच्या कॅमेरावाल्याला मीच फोन लावला. आधी टाळत होता, त्याला वाटलं कॅमेरा परत करते आहे. मग खुलला. "काकू, कॅमेरा बेस शे. रातले त्याले रंग दिखत नही. त्यानी लाइट अलग शे, आपला डोयाले ती दिखतच नही. काया रंग आपली लाइट पी टाकस, पन ती लाइट पेत नही, परत फेकस. मंग धव्वं दिखस."

म्हटलं, सगळंच काळं?

"नही, कपडावर शे. कोनता कपडा पेस, कोनता नही पेस. धरीसन देखी ल्या."

म्हणजे काय, तर बघितल्याशिवाय कळत नाही. बघणार.


शुक्र., १६

दुपारी गोडाऊनमध्ये गेले, शटर खाली ओढलं. आत काळोख. आतल्या कॅमेऱ्याच्या तोंडाभोवती बारीक लाल ठिपके दिसतात, विझत आलेल्या विडीएवढे. खतांच्या गोण्यांवर साड्या पसरल्या आणि फोन बघितला.

सरलाची साडी (धुवायला टाकली होती, तिला विचारलं नाही): पांढरी.
माझी जुनी चंद्रकळा, सुती, ह्यांनी पहिल्या संक्रांतीला घेतलेली: काळीच. जराही बदलली नाही.
छत्री: काळी.
भाऊजींची काळी टोपी: राखाडी.

म्हणजे प्रत्येक काळं वेगळं. आपल्याला सगळी सारखी वाटतात. चोर ज्या काळ्यात होता ते पांढरं होणारं काळं पाहिजे, आणि उजव्या बाहीवर पांढरं न होणारा पट्टा.

काळे शर्ट या घरात कोणाचे? पंकजचे. कपाटात दुसरा रंगच नाही. रात्री कुठे जातो, कोणाबरोबर बसतो, विचारायची सोय नाही. परवा नवा मोबाईल आला, तो कुठून? मला आधीच कळायला हवं होतं. खुमानच्या अंगावर टी-शर्ट बघून हसणारा तो.

संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. रविवारी गोडाऊनमध्ये या, मी दाखवते. घरातलं सगळं काळं कापड कॅमेऱ्यापुढे धरायचं. ज्याचं पांढरं होईल त्याने बोलायचं.

भाऊजी म्हणाले, "धरा. मन्हा पोऱ्यानं भी धरा."

कशी मान ताठ! रविवारी बघू.

रेलीने ऐकलं. भांडी घासता घासता पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. मी म्हटलं, हसू नकोस, कढई नीट घास.


शनि., १७

रविवारपर्यंत धीर धरवेना. सरला माहेरी, भाऊजी अक्कलकुव्याला वसुलीला, पंकज झोपलेला. त्याच्या कपाटातून काळे शर्ट काढले, दोरीवर होते तेही. जॅकेट, पॅन्टा, सगळा भारा. गोडाऊन, शटर खाली.

एक शर्ट काळा. दुसरा काळा. तिसरा गडद राखाडी. पॅन्टा काळ्या. जॅकेट काळं. उलटंसुलटं करून बघितलं, कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी नेलं. सगळे शर्ट त्या उजेडातही तोंड काळं करून बसले. इतका चांगला माल घालतो नालायक.

रडायला आलं. पंकज सुटल्याचं रडू येतं माणसाला? मला आलं.

भाऱ्यात एक वेगळं निघालं. दोरीवरून ओढताना आलं असेल. काळं जॅकेट, तसलीच पॅन्ट, खेळायचा जोड. गुळगुळीत कापड. ते धरायचं कारण नव्हतं. तरी धरलं.

पांढरं.

दुधासारखं. उजव्या बाहीवर खांद्यापासून मनगटापर्यंत काळा पट्टा. बाहेर आणून उन्हात बघितलं तर काळ्यावर काळी रबरी पट्टी, हात फिरवला तरच लागते. डोळ्याला दिसतही नाही.

नी.चा जोड. मीच धुतला होता सोमवारी. गोडाऊनच्या मातीचा वास


नंतर.

पंकजचे कपडे घड्या करून जागच्या जागी ठेवले. तो जोड माझ्या ट्रंकेत, चंद्रकळेखाली.

असे जोड बाजारात ढिगाने मिळतात. शहाद्याला प्रत्येक दुकानात लटकलेले असतात. त्या रात्री नी. मित्राकडे होता. तसं म्हणाला होता.


रवि., १८

सगळे जमले. भाऊजी, सरला, पंकज, शेजारचे दोघे, माजी सरपंच. खुमान शटरबाहेर उभा, पिवळ्या टी-शर्टात. त्याला आत बोलावलं तर आला नाही. रेली आली.

सरलाची साडी धरली. टीव्हीची वायर आत ओढली होती, सगळ्यांनी बघितलं. पांढरी. सरपंच "अरे बापरे" म्हणाले. सरला माझ्याकडे अशी बघत होती की खाईल की काय. मग माझी चंद्रकळा, काळी. शेजारच्याने आपला स्वेटर धरला, तो पांढरा निघाला, मग सगळ्यांना गंमत वाटायला लागली. मोजे, बेल्ट, पिशव्या. जत्रा.

भाऊजी हसले नाहीत. स्वतः पंकजचे कपडे घेऊन आले आणि एकेक कॅमेऱ्यापुढे धरला. सगळे काळे. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायचे. मी टीव्हीकडे बघत होते.

मग, "नीलेशना?"

मी म्हटलं, "सुरतले लई गया. बठ्ठा."

सगळे कपडे नेले म्हणून सांगितलं, इतक्या सहज. जीभ अडखळलीसुद्धा नाही. मी या घरात कोणाशी त्यांच्या बोलीत बोलत नाही, शाळेतली भाषा धरून बसलेली बाई मी. आज बोलले. कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

भाऊजींनी मान डोलावली. मग सरपंचांकडे वळून म्हणाले, काळं पांढरं दिसतं हे मान्य, पण पांढरं तर पांढरंच दिसतं ना? "धव्वा तो धव्वाच दिखास. बठ्ठासना काया कपडा तपासी झाया. मंग ऱ्हायना कोन?"

सरपंचांनी मान डोलावली. शेजाऱ्यांनी पण. बरोबरच आहे, मी असते तर मीही डोलावली असती. मीच केलेल्या तपासात पंकज सुटला आणि खुमान घट्ट अडकला. आधी नुसता संशय होता. आता पुरावा झाला, आणि तो मी जमवून दिला.

उद्या अकराला ते त्याला घेऊन जाणार.

खुमान शटरबाहेर सगळं ऐकत होता. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाई, तुम्ही मन्हासाठे इतलं करं." हात जोडले. त्याचे ते जोडलेले हात मला सहन होईनात. म्हटलं, जा, गायीला पाणी दाखव.


सोम., १९

सकाळी नी.ला फोन. तीनदा वाजला, चौथ्यांदा उचलला.

म्हटलं, तुझा काळा जोड माझ्याकडे आहे.

मागे गाड्यांचे आवाज.

म्हटलं, कॅमेऱ्यात पांढरा दिसतो.

त्याने "कसली चोरी" विचारलं नाही, "कोणता जोड" विचारलं नाही. मी वाट बघत होते की विचारेल. एकदा विचारलं असतं तर मी धरून बसले असते त्यालाच.

मग म्हणाला, "चोरी कशाची, आई? तूच म्हणतेस ना रोज? गोडाऊन बाबांनी बांधलं, दुकान बाबांचं, काका आपलं खातोय. मी आपलंच आणलं."

म्हटलं, आणि खुमान?

"तो जाईल डोंगरात परत. त्याला काय."

मी फोन ठेवला. नाही, त्यानेच ठेवला.

"त्याला काय" हे माझंच आहे. मी असंच म्हणते, भाजीवालीला, भांडीवालीला, सगळ्यांना. आणि बाकीचं? तेही माझंच. एकही दिवस नाही गेला की ताट वाढताना मी काकांच्या नावाने बोटं मोडली नाहीत. पोरगा जेवत होता, मला वाटायचं ऐकत नाही.

भाऊजी वाईट आहेतच. ते काही मी मागे घेत नाही. ह्यांच्या आजारपणात दुकानाचे कागद त्यांनी कसे फिरवले ते मला माहीत आहे. आज मी हा जोड घेऊन बाहेर गेले तर ते काय करतील तेही माहीत आहे. आधी सरपंचांना फोन, मग पोलीस, मग आयुष्यभर मला प्रत्येक सणाला ऐकवतील. नीलेशला या उंबऱ्यात पाय ठेवू देणार नाहीत. सरला पेढे वाटेल. मी इतकी वर्षं ज्यांच्यापुढे मान खाली घातली नाही, त्यांच्या

अकरा वाजत आले. भाऊजींनी गाडी काढली, आवाज येतोय. खुमानने आज पांढरे कपडे घातलेत, घडी मोडून. कंठी नाही घातली. रेलीने सांगितलं, तो म्हणाला पोलिसांपुढे जायचं तर आपल्या कपड्यात जाईन, पिवळ्यात नको.

जोड ट्रंकेतून काढला आहे. मांडीवर आहे.

रेली दाराशी आली होती. आत आली नाही, चौकटीला धरून उभी राहिली. म्हणाली, "बाई, त्या निंघनात. काही बोलतस का तुम्ही?"

मी म्हटलं, "थांबाले सांग त्यासले. मी येस."

ती गेली सांगायला. पळत गेली. अंगणात भाऊजींचा आवाज आला, "काय शे आते?" गाडी बंद झाली. सगळे थांबलेत. मी अजून उठलेली नाही.